श्वानाचे आयुर्मान आणि माणसाचा हिशेब

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये मुख्य वेदीसमोर रंगीत पाषाणखंडांची एक प्राचीन फरशी आहे. २०२३ साली तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक तिच्यावरच झाला. तिसऱ्या हेन्रीच्या कारकीर्दीत, १२६८ साली, या फरशीत पितळी अक्षरांचा एक लॅटिन लेख बसविण्यात आला होता. ती अक्षरे आता बहुतेक निखळून गेली असली, तरी मजकूर जुन्या हस्तलिखितांत नकलून ठेवलेला असल्यामुळे आजही उपलब्ध आहे. सृष्टीचे आयुष्य किती, हे सांगण्याचा त्या लेखाचा उद्देश असून त्यासाठी रचलेल्या गणिताच्या पहिल्या पायरीवर कुंपण आहे. कुंपण तीन वर्षे टिकते, कुत्रा त्याच्या तिप्पट जगतो, घोडा कुत्र्याच्या तिप्पट, माणूस घोड्याच्या तिप्पट. आणि याच तिपटीच्या क्रमाने सांबर, डोमकावळा, गरुड व देवमासा यांना ओलांडून सृष्टीचे आयुष्य १९,६८३ वर्षांपर्यंत जाऊन पोचते. या हिशेबात कुत्र्याच्या वाट्याला ९ वर्षे येतात आणि माणसाच्या वाट्याला ८१.

पाच शतकांनंतर बफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने मनुष्याचे आयुष्य ९० ते १०० वर्षांचे आणि कुत्र्याचे १० ते १२ वर्षांचे म्हणून नोंदले, तेव्हाही गुणोत्तर आठ-नऊच्या आसपासच राहिले. पुढे विसाव्या शतकात, माणूस सुमारे सत्तर वर्षे जगतो आणि कुत्रा सुमारे दहा, सबब कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात, असा सोपा भागाकार रूढ झाला, आणि तो इतका पक्का रुजला की पुण्या-मुंबईतील कोणत्याही पशुवैद्यांच्या दवाखान्यात अर्धा तास बसले, तर तो कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकू येतोच.

माणसाच्या वर्षांत कुत्र्याचे वय मांडून पाहण्याच्या या इच्छेला मी हौस म्हणणार नाही. घरातला एक जीव आपल्याहून कितीतरी लवकर म्हातारा होणार आहे, हे ठाऊक असलेल्या माणसाची ती काळजी आहे, आणि म्हणूनच तिला मिळणारे उत्तर बरोबर असणे महत्त्वाचे आहे. सातचा पाढा हे उत्तर चुकीचे देतो. त्या चुकीची दिशा कुत्र्याच्या आयुष्याच्या पूर्वार्धात एक असते आणि उत्तरार्धात नेमकी उलट. ती दोन्हीकडे कुत्र्याच्याच अंगावर येते.

जन्मतः पिल्लाचे डोळे मिटलेले असतात, कान बंद असतात. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात हिरडीतून डोकावू लागतात. हे २८ दात पडून त्यांच्या जागी ४२ पक्के दात येण्याचे काम सात महिन्यांच्या आत उरकते, आणि वर्ष पुरे होण्याआधीच बहुतेक कुत्री वयात येतात. एका वर्षाची कुत्री आई होऊ शकते. सात वर्षांची मुलगी मात्र पहिली-दुसरीच्या वर्गात असते. एवढी उघड विसंगती डोळ्यांसमोर असूनही पाढा टिकला, याचे कारण तो तोंडी करता येतो हेच असावे. फ्रान्सच्या पशुवैद्यक अकादमीच्या पत्रिकेत १९५३ साली लबो यांनी अधिक समंजस तोड सुचविली होती: कुत्र्याचे पहिले वर्ष म्हणजे माणसाची पंधरा, दुसऱ्या वर्षाअखेर चोवीस, आणि पुढे दर वर्षाला चार. दवाखान्यांच्या भिंतींवर लावलेल्या तक्त्यांतून ही मांडणी थोड्याफार फरकाने अजूनही दिसते, आणि बाल्य झपाट्याने संपते व नंतर गती मंदावते हे तिचे मूळ निरीक्षण आज सत्तर वर्षांनंतरही खोटे ठरलेले नाही.

ते निरीक्षण पेशीच्या आत डोकावून तपासण्याचे साधन मात्र अलीकडचे. आपल्या डीएनएवर, त्याच्या मूळ अक्षरांना धक्का न लावता, ठिकठिकाणी मिथिल नावाचा एक छोटा रासायनिक गट येऊन बसतो किंवा तेथून निघून जातो. मामलेदार कचेरीच्या दप्तरात मूळ दस्त तोच राहून त्यावरील शेरे मात्र वर्षानुवर्षे बदलत जावेत, तसा हा प्रकार आहे. कोणते जनुक वाचले जावे आणि कोणते मिटून ठेवावे, हे ठरविण्यात या शेऱ्यांचा वाटा मोठा असतो. वय वाढते तसे ते ठराविक जागी ठराविक रीतीने बदलतात, इतके की नुसते शेरे पाहून माणसाचे वय बऱ्याच अचूकपणे सांगता येते, हे स्टीव्ह होर्वाथ यांनी २०१३ साली दाखवून दिले. तोच मार्ग कुत्र्यांकडे वळविला तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान डिएगो येथील ट्रे आयडेकर, टीना वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी १०४ लॅब्रॅडॉर कुत्र्यांचे रक्त तपासले. त्यांत चार आठवड्यांच्या पिल्लापासून सोळा वर्षांच्या वृद्धापर्यंत सर्व वयांचे कुत्रे होते. त्यांच्या डीएनएवरील खुणा ३२० माणसांच्या खुणांशी ताडून पाहिल्यावर दोन्ही प्राण्यांच्या वार्धक्याची जी सांगड हाती आली, ती २०२० साली प्रसिद्ध झाली.

ती सरळ रेषा नाही. लॉगॅरिदमच्या भाषेत तिचे सूत्र असे: कुत्र्याच्या वयाचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यावा, त्याला १६ ने गुणावे, आणि त्यात ३१ मिळवावेत. लॉगॅरिदमची कोष्टके शाळेतच सोडून आलेल्या वाचकांसाठी तेच अधिक सुगम रीतीने सांगता येईल: कुत्र्याचे वय दुप्पट झाले की माणसाच्या हिशेबात सुमारे अकरा वर्षांची भर पडते. एक वर्षाचा लॅब्रॅडॉर माणसाच्या ३१ वर्षांशी जुळतो, दोनचा ४२ शी, चारचा ५३ शी, आठचा ६४ शी आणि सोळाचा ७५ शी. म्हणजे एकापासून दोनपर्यंतच्या एका वर्षात जेवढे अंतर कापले जाते, तेवढेच कापायला आठापासून सोळापर्यंतची आठ वर्षे लागतात. हे सूत्र काढताना वापरलेल्या खुणांपैकी दोन्ही प्राण्यांत सारख्या बदलणाऱ्या खुणा मुख्यतः शरीराच्या घडणीशी संबंधित असलेल्या जनुकांवर सापडल्या, ही गोष्ट मला विशेष विचार करण्यासारखी वाटते. गर्भापासून तारुण्यापर्यंत देह घडविणारी यंत्रणा आणि तो पुढे जीर्ण करणारी यंत्रणा यांची मुळे एकमेकांत गुंतलेली असावीत, असे त्यावरून दिसते.

आता सातचा पाढा या वक्राशेजारी ठेवून पाहावा. पाच वर्षांच्या लॅब्रॅडॉरला पाढा पस्तिशीचा ठरवितो, वक्र सत्तावन्नचा. चौदा वर्षांच्याला पाढा अठ्ठ्याण्णवाचा ठरवितो, वक्र त्र्याहत्तरचा. साधारण साडेनऊ वर्षांच्या सुमारास दोन्ही हिशेब एकमेकांना छेदतात. त्याआधी पाढा कुत्र्याला वास्तवाहून तरुण समजतो आणि त्यानंतर वास्तवाहून म्हातारा. याचा परिणाम काय होतो, हे कोणताही अनुभवी पशुवैद्य सांगेल. पाच-सहा वर्षांचा कुत्रा अजून ऐन भरात आहे अशा समजुतीने त्याचे वाढते वजन, दातांवर साचलेले किटण, चालण्यातला किंचित बदल यांकडे कानाडोळा होतो. आणि तोच कुत्रा तेरा-चौदाचा झाला की ‘आता शंभरीला आला, कशाला त्रास द्यायचा’ असे म्हणून ज्या वेदनेवर साधे औषध आहे तीही त्याला निमूट सोसायला लावली जाते. ज्या वयात सावध व्हायचे त्या वयात आपण निश्चिंत असतो, आणि ज्या वयात उपचार करायचे त्या वयात आपण निरवानिरवीची भाषा बोलतो.

तथापि हे सूत्र लॅब्रॅडॉरचे आहे, हे विसरून चालणार नाही. एकाच प्रजातीचे प्राणी असूनही कुत्र्यांच्या आयुर्मानात जेवढी तफावत आढळते, तेवढी क्वचितच दुसऱ्या एखाद्या सस्तन प्राण्यात आढळत असेल. प्राणिसृष्टीत सामान्यतः थोर देहाला दीर्घ आयुष्य लाभते; हत्ती उंदराहून अनेक पटींनी जगतो. कुत्र्यांत हा न्याय उलटा होतो. तळहातावर मावावा एवढा चिवावा चौदा-पंधरा वर्षे सहज काढतो, तर वासराच्या उंचीचा ग्रेट डेन सात-आठ वर्षांतच थकतो. कॉर्नेलिया क्राउस, सामुएल पाव्हार आणि डॅनियल प्रॉमिस्लो यांनी ७४ जातींच्या पन्नास हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मृत्यूच्या नोंदी तपासून २०१३ साली जो निष्कर्ष मांडला, त्यानुसार देहाच्या दर दोन किलो वजनामागे अपेक्षित आयुष्य सुमारे एका महिन्याने घटते. मोठ्या कुत्र्यांचे वार्धक्य लवकर सुरू होते की सुरू झाल्यावर वेगाने पुढे सरकते, हा त्यांचा खरा प्रश्न होता. उत्तर निघाले ते दुसरे. मोठा कुत्रा म्हातारा होऊ लागला की भराभर होतो.

यामागील कारणांचा एक धागा वाढीच्या संप्रेरकांकडे जातो. आयजीएफ-१ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, देहवाढीला चालना देणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातील एका फरकाचा लहान आकाराच्या कुत्र्यांशी निकटचा संबंध आहे, हे नेथन सटर, एलेन ऑस्ट्रँडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखविले. आणि पुढे २०२२ साली लहान देहाशी निगडित असा एक फरक सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या लांडग्याच्या अवशेषांतही सापडला. म्हणजे माणसाने कुत्रा माणसाळविण्यापूर्वीच ठेंगणेपणाचे ते बीज लांडग्याच्या रक्तात होते. माणसाने फक्त ते वेचून वाढविले. उलट बाजूला, जन्मतः अर्ध्या-पाऊण किलोचा ग्रेट डेन दीड वर्षात त्याच्या शंभरपट होतो. एवढ्या वेगाने पेशी वाढवीत सुटलेल्या देहात पेशींच्या वाढीवरचा ताबा सुटण्याची शक्यताही अधिक, आणि मोठ्या जातींत कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जास्त असते ही वस्तुस्थिती त्याला धरूनच आहे. सहा वर्षांचा ग्रेट डेन म्हणूनच वृद्ध आणि आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांतून पिढ्यानपिढ्या ‘पॉमेरियन’ म्हणून वाढलेला पांढराशुभ्र, झुबकेदार शेपटीचा लहान कुत्रा त्याच वयात केवळ प्रौढ. अमेरिकेतील पशुरुग्णालयांच्या संघटनेने २०१९ साली वयाच्या अवस्था ठरविताना मानवी वर्षांचा नाद सोडून दिला आणि त्या त्या कुत्र्याच्या अपेक्षित आयुष्याचा शेवटचा चतुर्थांश म्हणजे वार्धक्य, एवढेच म्हटले. मला हा नियम सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण तो पाळणाऱ्याला आपल्या कुत्र्याची जात, वजन आणि प्रकृती यांकडे पाहायला लावतो.

हे पाहणे म्हणजे काय, ते कर्वे रस्त्यालगतच्या एका छोट्या दवाखान्यात मला जवळून बघायला मिळाले. अकरा वर्षांचा ब्रूनो नावाचा पिवळसर लॅब्रॅडॉर स्टीलच्या टेबलावर चढायला तयार नसल्यामुळे डॉक्टरीणबाईंनी त्याला खाली, सतरंजीवरच तपासायला घेतले होते. मिशांजवळची लव पांढरी झालेली, कोपरांवर घट्टे पडलेले, बरगडीखाली लिंबाएवढी मऊ गाठ. त्याच्या दोन्ही बुबुळांत निळसर धुके दिसत होते, आणि त्याला घेऊन आलेल्या सेवानिवृत्त गृहस्थांची सारी चिंता त्या धुक्यावर एकवटली होती.

“मोतीबिंदूच ना हो डॉक्टर? या वयात ऑपरेशन झेपेल का त्याला?”

“मोतीबिंदू नाहीये काका. इकडे या, माझ्या बाजूने बघा. बॅटरी मारली की मागचा पडदा चमकतोय ना? मोतीबिंदू असता तर उजेड मध्येच अडला असता.”

भिंगाच्या बाहेरच्या बाजूने जन्मभर नवनवे तंतू साठत राहतात व जुने मध्यभागी दाटत जातात. त्या दाटीमुळे सहा-सात वर्षांनंतर बहुतेक कुत्र्यांचे डोळे बाहेरून निळसर दिसू लागतात. जवळचे थोडे अंधुक दिसत असले तरी त्याने आंधळेपण येत नाही, आणि त्यावर शस्त्रक्रियेची गरज नसते. काकांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. मग बाईंनी ब्रूनोच्या पाठीवरून बोटे फिरवीत कमरेपर्यंत नेली, मागच्या मांड्या दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून पुढच्या खांद्यांशी त्यांची तुलना केली, आणि त्याला काट्यावर उभा केला. काट्यावर ४१ किलो आले.

“खायला काय काय असतं त्याचं?”

“सकाळ-संध्याकाळ ते दाणे. शिवाय आमच्याबरोबर पोळी. चहाच्या वेळी बिस्किटं, ती काय, दोन-चारच. नाही दिलं तर तो बघतच राहतो हो तोंडाकडे. घास उतरत नाही.”

“काका, इथे हात लावा. बरगड्या लागतात का हाताला? लागायला हव्यात. पाच-सहा किलो उतरवू या आपण हळूहळू. गोळ्या मी देतेच आहे, पण तेवढं वजन उतरलं तर जिना त्याचा तो चढेल.”

डोळ्यांतल्या निरुपद्रवी धुक्याची भीती आणि सांध्यांवरच्या खऱ्या भाराविषयीचे अज्ञान या दोन्ही गोष्टी त्या गृहस्थांच्या ठायी एकाच वेळी होत्या, आणि त्या दोहोंच्या मुळाशी त्यांचे त्या कुत्र्यावरचे निखळ प्रेम होते. आपल्याकडे माया पानातून व्यक्त होते. दारी आलेल्याला उपाशी न पाठविणाऱ्या घरात कुत्र्यासमोर हात आखडता घेणे हे कठोरपणाचे लक्षण मानले जाते. परंतु कुत्र्याच्या आयुष्याची मुदत वाढविण्याबाबतचा आजवरचा सर्वांत भक्कम पुरावा नेमका या आखडत्या हाताच्या बाजूने आहे. अमेरिकेतील प्युरिना या पशुखाद्य कंपनीने लॅब्रॅडॉरची ४८ पिल्ले घेऊन, एकाच वेतातली जोडी जमवून, एकाला पोटभर आणि दुसऱ्याला त्याच्या जोडीदाराहून पंचवीस टक्के कमी, असे आठव्या आठवड्यापासून मरेपर्यंत खाऊ घातले. अन्न तेच, जागा तीच, फक्त माप वेगळे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या चौदा वर्षांच्या निरीक्षणात पोटभर खाणाऱ्यांचे मध्य आयुर्मान ११.२ वर्षे आणि मापात खाणाऱ्यांचे १३ वर्षे निघाले. त्याहून मोलाची मला दुसरी नोंद वाटते: पहिल्या गटातील निम्म्या कुत्र्यांना सांधेदुखीवर कायमचे औषध लागण्याचे वय १०.३ वर्षे होते, आणि दुसऱ्यात ते १३.३ झाले. तीन वर्षे वेदनेवाचून चालणे-फिरणे. एवढे देणारे दुसरे कोणतेही औषध आज बाजारात नाही, आणि या औषधाला पैसा लागत नाही.

देहाच्या वार्धक्याकडे निदान लक्ष तरी जाते. मनाच्या वार्धक्याला बहुतेक घरांत हट्ट किंवा खोड समजले जाते. ओळखीच्या खोलीत कोपऱ्याकडे तोंड करून उभे राहणे, दाराच्या बिजागरीच्या बाजूने बाहेर पडण्याचा प्रयत्न करणे, रात्रभर येरझारा आणि दिवसा झोप, आयुष्यभर पाळलेली शिस्त मोडून घरात लघवी करणे, ही लक्षणे मेंदूच्या ऱ्हासाची असू शकतात. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अकरा-बारा वर्षांच्या २८ टक्के आणि पंधरा-सोळा वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत अशी निदान एक तरी तक्रार आढळली. अशा मेंदूत साठणारे प्रथिन अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत साठणाऱ्या प्रथिनाच्याच वर्गातले आहे. म्हाताऱ्या कुत्र्यावर रात्री दोन वाजता ओरडण्यापूर्वी हे माहीत असायला हवे.

कुत्र्याचे वार्धक्य माणसाच्या वार्धक्याशी एवढे जवळचे आहे म्हणूनच, आणि तो आपल्याच घरात, आपलीच हवा, आपलेच पाणी आणि पुष्कळदा आपलेच अन्न घेऊन थोडक्या वर्षांत ते सारे भोगतो म्हणूनही, संशोधकांचे लक्ष त्याच्याकडे वळले. वॉशिंग्टन विद्यापीठ आणि टेक्सास ए अँड एम विद्यापीठ यांनी चालविलेल्या श्वानवार्धक्य प्रकल्पात २०१९ पासून पन्नास हजारांहून अधिक कुत्र्यांची नोंदणी झाली आहे. ते प्रयोगशाळेत राहत नाहीत, आपापल्या घरी राहतात, आणि त्यांचे पालक त्यांच्या खाण्यापिण्याची, दुखण्याखुपण्याची कैफियत वर्षानुवर्षे कळवीत राहतात. याच प्रकल्पातून रॅपामायसिन या औषधाची कुत्र्यांवरील चाचणी उभी राहिली: सात वर्षांवरील, वीस किलोंहून अधिक वजनाचे ५८० कुत्रे, हे तिचे लक्ष्य. मोठे कुत्रे निवडण्याचे कारण वाचकांच्या आता ध्यानात येईलच; त्यांच्यात वार्धक्य वेगाने पुढे सरकते, त्यामुळे औषधाचा गुण आला तर तो लवकर कळेल.

या औषधाच्या जन्मकथेत एका भारतीय संशोधकाचे नाव आहे, आणि ते आपल्याकडे जितके माहीत असावयास हवे तितके नाही. पॅसिफिक महासागरातील रापा नुई या एकाकी बेटावर १९६४ साली गेलेल्या कॅनडाच्या वैद्यकीय मोहिमेने तेथील मातीचे नमुने आणले. मॉन्ट्रियलमधील एअर्स्ट या औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत त्या मातीतील एका जीवाणूपासून सुरेंद्रनाथ सेहगल यांनी सहकाऱ्यांसह एक द्रव्य वेगळे काढले आणि बेटाच्या नावावरून त्याला रॅपामायसिन हे नाव दिले. सेहगल यांचा जन्म आता पाकिस्तानात असलेल्या पंजाबातील खुशाबजवळचा, आणि औषधशास्त्राचे शिक्षण बनारस हिंदू विश्वविद्यालयातले. कंपनीने मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद केली, संशोधन गुंडाळण्याचा हुकूम झाला, तेव्हा या गृहस्थांनी तो जीवाणू घरच्या शीतपेटीत जपून नव्या गावी नेला आणि काही वर्षांनी वरिष्ठ बदलल्यावर पुन्हा तजवीज करून काम सुरू करविले. १९९९ साली मूत्रपिंडरोपणाच्या रुग्णांसाठी त्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. २००३ साली सेहगल वारले. त्यानंतर सहा वर्षांनी, माणसाच्या साठीशी जुळणाऱ्या वयाच्या उंदरांना ते दिले असता तेही अधिक जगतात, हे सिद्ध झाले. देह अन्नाच्या विपुलतेला जो प्रतिसाद देतो त्याच्या मार्गात हे औषध आड येते. म्हणजे लॅब्रॅडॉरच्या त्या ४८ पिल्लांवर मापाने जे साधले, त्याच दिशेने रसायन जाऊ पाहते. कुत्र्यांवरील चाचणीचे फलित काय निघायचे ते निघो. पण मातीच्या एका नमुन्यावरचा आपला विश्वास न सोडणाऱ्या माणसाविषयी मला अपार आदर वाटतो.

दीर्घायुष्याची ओढ कधी कधी दाखल्याच्या पुढे धावते. पोर्तुगालमधील बोबी या कुत्र्याला २०२३ च्या फेब्रुवारीत गिनेसने जगातील सर्वांत वृद्ध कुत्रा ठरविले, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो एकतीस वर्षांचा म्हणून वारला, आणि पुढच्या फेब्रुवारीत वयाचा पुरेसा पुरावा नसल्याच्या सबबीवर तो मान काढून घेण्यात आला. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया प्रांतातील रोचेस्टर येथे गुरे-मेंढ्या वळणारा ब्लूई २९ वर्षे ५ महिने जगून १९३९ साली वारला, ही त्यामानाने जुनी नोंद. जन्माची नोंद नसलेल्या कुत्र्याच्या वयाचा पुरावा म्हणून पशुवैद्यांच्या हाती प्रामुख्याने दात असतात, आणि ते पहिल्या सात महिन्यांपुरतेच नेमके बोलतात. पुढे झीज, किटण, डोळ्यांतले धुके यांवरून अदमास बांधावा लागतो.

आणि आपल्या देशातील बहुसंख्य कुत्र्यांची जन्मनोंद नसते. ते रस्त्यावर जन्मतात. त्यांच्या बाबतीत वरचे सारे वक्र आणि कोष्टके बाजूला ठेवावी लागतात. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्र आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पश्चिम बंगालमधील ९५ वेतांतील ३६४ पिल्लांचा माग ठेवला, तेव्हा सात महिन्यांचे होईपर्यंत त्यांतील अवघी १९ टक्के उरली, आणि झालेल्या मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांमागे माणसाचा हात होता: वाहनांखाली सापडणे, विष, मारहाण, उचलून नेणे. गल्लीतला म्हातारा झालेला, कान तुटका, पाय फेंगडा कुत्रा पाहून पुष्कळांना कंटाळा येतो. मला तो पाचातला एक वाटतो, ज्याची चार भावंडे पक्के दात येण्यापूर्वीच गेली.

सान डिएगोच्या वक्राचा सर्वांत उभा चढ नेमका याच काळात आहे. आठ आठवड्यांचे पिल्लू नऊ महिन्यांच्या मुलाशी जुळते. दोघांचेही दुधाचे दात येत असतात. या आठ आठवड्यांत आईचे दूध, तिची ऊब, भावंडांशी चावाचावी करून शिकलेला संयम आणि माणसाच्या हाताचा पहिला भीतिरहित स्पर्श एवढे सगळे घडून जावे लागते. त्यातला एक आठवडा हुकला तर तो पुढच्या दहा वर्षांत भरून निघत नाही. आपल्या खेड्यापाड्यांतील लोकांना कुत्र्यांचा मिलनकाळ भाद्रपदात येतो हे पूर्वापार ठाऊक आहे. गर्भाचे दिवस ६३. म्हणजे विणीचा भर येतो तो कार्तिकाच्या आसपास, ऐन दिवाळीच्या पुढेमागे. त्या दिवसांत वाचकांच्या सोसायटीच्या जिन्याखाली, गॅरेजमधल्या पोत्यांवर, रात्री उभ्या केलेल्या मोटारीच्या इंजिनाच्या उबेला, मिटल्या डोळ्यांची पिल्ले असण्याचा पुष्कळ संभव आहे. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी वाकून खाली पाहावे, चाकावर हाताने दोनदा थापटावे. आईला तेथून हुसकावू नये; ती पिल्ले तोंडात धरून उघड्या रस्त्यावर नेईल. फटाके त्या कोपऱ्यापासून दूर वाजवावेत. पिल्लू घरी न्यावयाचे असेल तर आठ आठवडे पुरे होऊ द्यावेत, आणि त्याच दिवशी पशुवैद्यांकडे नेऊन लसीची तारीख लिहून घ्यावी. त्याच कागदावर त्याची जन्मतारीखही घालून घ्यावी.